चांगआनची खिंड

इथं परदेशात, हॅमिल्टन शहरातल्या नूडलच्या दुकानात मी कामाला आहे. तिथं भिजवलेल्या मैद्याचा वास आला की मी आठवीच्या वर्गात जाऊन उभी राहते. "चीनची जुनी राजधानी चांगआन," एवढं सांगून सर पुढं निघाले होते. मी विचारलं, "सर, समुद्र सोडून इतक्या आत का वसवली?"

"का गं, तिथली राणी व्हायचंय? आधी भाकरी गोल थापायला शीक!"

सगळा वर्ग खिदळला. मी परत शाळेत गेलेच नाही.

उत्तर इथं मिळालं. आमच्या दुकानाचे स्वयंपाकी ली आजोबा चांगआनकडचेच. त्यांनी ओट्यावर मैद्याचे ढीग करून दाखवलं. दक्षिणेला उंच डोंगर, उत्तरेला नदी, पूर्वेला अरुंद खिंड. खिंडीत मूठभर शिपाई उभे केले की आतली शेतं आणि राजा, दोन्ही सुखरूप. मी आजोबांच्या पाया पडले. प्रश्न वेडगळ नव्हता, सरांनाच उत्तर येत नव्हतं.

सध्या सर लेकीकडे जवळच्याच ग्वेल्फ गावी आलेत. रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलंय.  टेबलावर मैदा पसरून तोच प्रश्न विचारणार, आणि उत्तर येईपर्यंत ताट वाढणार नाही.