चिठ्ठीतली दुसरी ओळ

डोळेमास्तरांचा विषय निघाला की इतकी वर्षं मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जात आलो. कारखान्यातले जुने सहकारी अजूनही म्हणतात, "त्यांनी सुभानाला तपासलं, पण त्यांना काही कळलं नाही." हे खोटं आहे. ते खोटं आहे हे जाणणारा आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो.

मास्तर इस्लामपूरचे. फौजेच्या दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात काम करून निवृत्त झालेले. नव्वदच्या दशकात साताऱ्याच्या आमच्या कारखान्यात ते वर्षातून एकदा कामगारांची नजर तपासायला यायचे. एसटीतून काळी पत्र्याची ट्रंक उतरवायची, भिंतीवर तक्ता टांगायचा आणि दिवसभर मिशीवाल्या गड्यांकडून अक्षरं वाचून घ्यायची. म्हणून डोळेमास्तर.

चष्म्याचा नंबर निघाला की खरं तर काम संपायचं. मास्तरांचं तिथून सुरू व्हायचं. खिडकीचा पडदा ओढून, हातातल्या छोट्या यंत्राचा बारीक दिवा लावून ते नाकाला नाक लागेल इतके जवळ जायचे आणि बाहुलीतून आत बघायचे. "छताकडं बघा. माझ्या तोंडाकडं बघून काय मिळणार न्हाई."

"मास्तर, कांदा खाऊन आलोय बरं का," कुणी बजावायचं.

"खा की गड्या. मी श्वास धरून बघतोय."

मी कामगारांच्या नोंदी ठेवायचो. एकदा विचारलं, "नंबर निघाला, मग आत काय शोधता?" त्यांनी शिपायाला खुर्चीत बसवलं आणि ते यंत्र माझ्या हातात दिलं. तीन वेळा मला नुसती पापणी दिसली. चौथ्या वेळी अचानक नारिंगी उजेड दिसला आणि त्यावर पसरलेल्या तांबड्या, बारीक फांद्या. मी दचकून मागे सरलो.

"रक्ताच्या शिरा हायत त्या," मास्तर खुशीत म्हणाले. "माणूस न कापता शिरा उघड्या बघायच्या, तर साऱ्या अंगात हीच जागा. हितं बिघाड दिसला की समजायचं, मूत्रपिंडात न्हाईतर मेंदूतबी कायतरी चाललंय."

रोगाचं नाव मात्र ते कधी घेत नसत. "मी डॉक्टर न्हाई. कुठं जायचं तेवढं सांगतो." कॅन्टीनच्या मावशींना त्यांनी असंच रक्त तपासायला धाडलं होतं. मावशींना मधुमेह निघाला. तेव्हापासून मावशी त्यांच्या चहात साखर जास्त घालायच्या, आपल्या वाटणीची म्हणून.

सुभाना आमचा क्रेनचालक. तक्त्याची शेवटची ओळ तो घडाघडा वाचायचा. त्या वर्षी मास्तर त्याच्या डोळ्यांत तीनदा डोकावले आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. 'नजर उत्तम.' खाली, 'रक्तदाब व लघवी आजच तपासणे.'

सुभाना चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आला. खोलीत आम्ही दोघंच. "सायेब, ह्यो माणूस डोळं बघाय आलाय का लघवी?" आम्ही दोघंही हसलो. मग तो जरा गंभीर झाला. "जाऊ का दवाखान्यात? लय येळ बघत व्हता."

त्या आठवड्यात मोठा माल जायचा होता आणि क्रेन चालवणारा तो एकटाच. रजिस्टरातला रकानाही नजरेचा होता, लघवीचा नव्हता. "नजर उत्तम लिहिलंय ना? जा कामावर," मी म्हणालो. रकान्यात दोनच शब्द उतरवले आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

पाच महिन्यांनी सुभाना जेवता जेवता कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार दिवसांपासून वाढलेला असणार. त्याची बायको कारखान्यात येऊन रडत ओरडली, "आवं, तुमच्या त्या डोळंवाल्याला कायबी दिसलं न्हाई व्हय?"

व्यवस्थापकांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मी रजिस्टर उघडून समोर ठेवलं. नजर उत्तम.

"चिठ्ठी दिली व्हती साहेब. दोन ओळी व्हत्या," मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. खुर्चीवरून उठले आणि गेले. पुढच्या वर्षीपासून नजर तपासायला दुसरा माणूस येऊ लागला. तो नंबर काढायचा आणि "पुढचा" म्हणायचा. सुभाना दोन वर्षांनी, एक शब्दही न बोलता गेला.

त्यानंतर एकदा मी इस्लामपूरला मास्तरांच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. चष्म्याचं निमित्त होतं. खिशात ती जुनी चिठ्ठी होती. त्यांनी ओळखलं, पण ओळख दाखवली ती फक्त चहा मागवून. मग पडदा ओढला. "छताकडं बघा, साहेब." बराच वेळ बघत राहिले. त्यांनी श्वास धरलेला मला कळत होता.

चिठ्ठी लिहिताना त्यांनी वहीत निळा कार्बन सरकवला. वरचा कागद मला दिला. 'रक्तदाब आजच तपासणे.' खालची नक्कल वहीतच राहिली.

"नक्कल कशाला?" मी नको ते विचारून बसलो.

"आता सवय लागलीया," ते म्हणाले. "आज जावा बरं. उद्यावर ढकलू नका."

मी त्याच दिवशी गेलो. तेव्हापासून रोज सकाळी गोळी घेतो. पुढच्या खेपेला दुकानाला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, मास्तरांना जाऊन महिना झाला.

दोन्ही चिठ्ठ्या माझ्यापाशी आहेत. त्या दिवशी चहा संपेपर्यंत जे ओठांवर होतं, ते एवढंच होतं : मास्तर, चिठ्ठी तुम्ही दिली होती. मला आठवत होतं. माझं चुकलं.