गवंड्याने बुजवलेलं भोक

भिंतीला भोक दिसलं की गवंड्याचे हात शिवशिवायचे. चाळीस वर्षं गिलावा करण्यात गेलेली. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीवर बोटं फिरवणार. बायको म्हणायची, "अहो, माणसांकडेही बघा जरा!" पण ऐकतो कोण?

मग बायको पडली, मांडीचं हाड मोडलं आणि ती महिनाभर पलंगाला खिळली. नेमकं तिच्या खोलीबाहेर, खिडकीच्या वर छपराखाली बोटभर भोक होतं आणि त्यातून गांधीलमाश्यांची ये-जा चाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "आपण त्यांच्या वाटेला जात नाही, त्या आपल्या येत नाहीत. थंडी पडली की जातील आपोआप."

"आणि तुला डसल्या तर? तुला उठून पळता तरी येतंय का?"

झालं! भर दुपारी तोंडाला फडकं बांधून स्वारी शिडीवर. भोक सिमेंटने बुजवलं, वरून थापी अशी फिरवली की स्वतःच खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने हाक मारली. अगदी दबक्या आवाजात. तो धावत गेला. छताच्या फळ्यांमधून एकेक गांधीलमाशी खाली येत होती. पोळं छपरात, बाहेरची वाट बंद; मग त्यांनी आतली फट शोधली होती. दहा-बारा तर दिव्याभोवती घोंघावत होत्या, आणि दिवा तिच्या डोक्यावरच.

हे आपणच करून ठेवलं! त्याने चादर तिच्या तोंडावर ओढली आणि टॉवेल गरगरा फिरवायला लागला. दोघी मनगटाला कडकडून डसल्या.

"हात थांबवा आधी!" चादरीखालून आवाज आला. "झटकलं की चवताळतात त्या. दिवा घालवा, खिडकी सताड उघडा. उजेडाकडे जातील."

त्याने तसंच केलं. पाच-सात मिनिटांत खोली रिकामी झाली. फटीवर त्याने जाड चिकटपट्टी लावली, मग बाहेर जाऊन लांब सळईने, लांबूनच, आपलं ताजं काम फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

परत आला तेव्हा मनगट टम्म सुजलं होतं.

"तुला गं कसं कळलं हे सगळं?"

"महिनाभर खिडकीतून दुसरं दिसतंय काय मला? कोणती कधी निघते, कशाने बिथरते, सगळं पाठ झालंय. दिवसभर तू काय बघतेस, असं विचारलंत कधी?"

गवंड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेळच्या वेळी औषध दिलं होतं, जेवण भरवलं होतं, आणि लगेच बाहेर पळाला होता. रोज.

त्याने खुर्ची पलंगाला लावली, डोकं तिच्या उशीशी टेकवलं आणि खिडकीतून वर बघत म्हणाला, "सांग आता. ही पहिली कुठे निघाली?"