चार सालांची शिक्षा

माझ्या भावजयीचं कौतुक करायची मला सवय नाही. नणंद आहे मी, घरात कोणीतरी उणं काढणारं पाहिजेच. पण दामिनीच्या सोयरिकीच्या दिवशी नलूवैनीने जे केलं ते मी सांगितलं नाही, तर दुसरं कोणी धड सांगणार नाही. तेजरामदादा, म्हणजे माझा भाऊ, सांगायला बसला की अर्ध्यातच हसत सुटतो.

वैनी तिरोड्याकडची. नवरी होऊन आली ती मध्यप्रदेशात, आणि घर न बदलता दोन वर्षांत छत्तीसगडची झाली. दादा स्टील प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला. भिलाईच्या क्वार्टरात भिंतीच्या एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला बिहारी. वैनी कोणालाच हार गेली नाही. भाजीवालीशी छत्तीसगढी, शेजारणीशी हिंदी, आमच्याशी आमची मराठी, आणि घाईत असली की तिन्हींचा एकाच वाक्यात काला. माहेरी गेली की तिथल्या बायका "आली छत्तीसगढीण" म्हणायच्या, आणि इकडे ती कायमची "मराठीन". तरी दोन्हीकडे ताठ मानेने फिरायची. तिचं म्हणणं एकच, नावं ठेवणारे दमतात, आपण कशाला दमायचं.

तिला दमवलं ते पोटच्या पोरीने. दामिनी पुण्याला नोकरीला गेली आणि वर्षाच्या आत तिची मराठी धुऊन इस्त्री केल्यासारखी झाली. "जेवून राहिली"चं "जेवतेय" झालं. ऑफिसात कोणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली होती. हे तिने मला सांगितलं, आईला नाही. तेव्हापासून आजूबाजूला कोणी असलं की ती आईशी फोनवर हिंदीतच बोलायची. वैनीला वाटायचं, पोर कामात आहे.

मग गौरव आला. तिच्याच ऑफिसातला, चिंचवडचा, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. तो आईला घेऊन भिलाईजवळच्या बोरसीच्या घरी येणार असं ठरलं. दादाने प्लांटमधून सुटल्यावर बांधलेलं ते घर वैनीने आठवडाभर घासलं. आदल्या दिवशी दामिनी आली, स्वयंपाकघरात आईच्या मागे मागे फिरली आणि शेवटी बोलली.

"आई, उद्या त्यांच्यासमोर हिंदीतच बोल ना. तुझी हिंदी चांगली आहे."

"मराठी माणसं घरी येऊन राहिले, अन् मी हिंदी बोलू? कावून?"

दामिनी फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. वैनी ठेठरीसाठी, इकडच्या तळणीच्या खाऊसाठी, बेसन मळत होती, ती जरा जास्तच जोराने मळायला लागली. मला तर पोरीच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पण वैनी म्हणाली, ठीक हाय. तिने आपल्या तोंडाला कुलूप लावलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

गौरवची आई शिल्पाबाई. वाईट बाई नव्हे, फक्त बोलायच्या आधी दम घेत नाही. वैनीने "आइए, बैठिए" केलं, ठेठरी पुढे ठेवली, ही इधर की चीज आहे हेही हिंदीतच सांगितलं. शिल्पाबाईंनी दोन खाल्ल्या आणि त्या अगदी मायेने म्हणाल्या की इतकी वर्षं परमुलखात राहिल्यावर मराठी सुटायचीच, त्यात तुमचा काय दोष. दामिनीचं मात्र आम्ही सगळं नीट करून घेऊ.

बस. वैनीने हातातली थाळी खाली ठेवली.

"आमची मराठी काही सुटली नाही, बाई," ती म्हणाली. "अन् पोरीत नीट कराले काही बाकी नाही. तिले आमी चांगली शिक्षा देल्ली."

शिल्पाबाईंच्या हातातली ठेठरी हातातच राहिली. "शिक्षा? कधी?"

"बारावी झाल्यावर. चार साल. रायपूरले ठेवली होती."

"चार वर्षं?"

"दर रविवारी भेटाले जात होतो. डबा घेऊन."

दादाला वाटलं, बायकोला हातभार लावावा. "सरकारी होती म्हणून जमलं," तो म्हणाला. "प्रायवेट आमाले परवडली नसती."

शिल्पाबाईंनी मुलाकडे पाहिलं. एवढी मोठी गोष्ट तू माझ्यापासून लपवलीस, असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं. गौरव मान खाली घालून, हसू दाबत गदगदत होता. मीही भिलाईचीच, मला कशाचाच पत्ता नाही. मी आपली भर घातली की आमच्या खानदानात एवढी शिक्षा आजवर कोणाला झाली नव्हती, पहिला मान हिचाच.

शेवटी गौरवने कसंबसं सांगितलं की आई, शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, काकू दामिनीच्या कॉलेजबद्दल बोलतायत. शिल्पाबाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या खळखळून हसल्या. मनात काही नव्हतं त्यांच्या. पण वैनीचा चेहरा उतरला. पोरीने आदल्या दिवशी हिंदी का मागितली, हे तिला आत्ता कळलं होतं. ती उठून आत निघाली, तर मागून शिल्पाबाई समजुतीने म्हणाल्या, शिक्षा नाही म्हणायचं हो, शिक्षण म्हणायचं.

दामिनी आईच्या वाटेत उभी राहिली. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता ही आईवरच तोंड टाकणार. पण ती वळली शिल्पाबाईंकडे, आणि तिची ती इस्त्रीची मराठी कुठे गेली कोण जाणे.

"आमच्या घरी शिक्षाच म्हणतात, काकू. मले चार साल शिक्षाच झाली, अन् लय चांगली झाली. आईले हिंदी बोलाले मीच सांगतलं होतं. आता नाही सांगत."

मला रडू आलं. दादाला मी अजून हे सांगितलेलं नाही, कारण तो त्याचंही हसं करेल. शिल्पाबाईंनी या वेळी बोलायच्या आधी दम घेतला. मग त्यांनी वैनीला हात धरून शेजारी बसवलं आणि विचारलं की त्या डब्यात तुम्ही काय न्यायचात. वैनीने सांगायला सुरुवात केली ती संध्याकाळपर्यंत, तिन्ही भाषांत. शिल्पाबाईंना किती कळलं देव जाणे, पण जाताना उरलेल्या सगळ्या ठेठऱ्या बांधून घेऊन गेल्या.

लग्न होऊन आता वर्ष होईल. परवा मी वैनीकडे बसले होते, तर भरदुपारी दामिनीचा फोन आला. वैनीने स्पीकर लावला. मागे ऑफिसच्या कँटीनचा गलका ऐकू येत होता. वैनीने विचारलं, काय करून राहिली?

"जेवून राहिली, आई."

तिच्या जवळच कोणीतरी हसलं. वैनीने माझ्याकडे पाहिलं. आता हिंदी सुरू होणार म्हणून मी खाली बघायला लागले.

दामिनीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने.