कपाळाला टेकवलेला हात

दुबईतल्या आमच्या इमारतीत फिलिपिन्सची लिझा राहते. नवऱ्याची नोकरी जहाजावर, त्यामुळे सात वर्षांच्या मिकाला ती बहुतेक एकटीच वाढवते. परवा साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना घेऊन मी, लिझा आणि मिका बसने समुद्रावर निघालो. बसमध्ये मिका सासूबाईंसमोर आली, त्यांचा सुरकुतलेला हात तिने अलगद उचलला आणि स्वतःच्या कपाळाला टेकवला.

सासूबाई गांगरल्या. "अगं, काय करतेय ही?"

मी लिझाला विचारलं. "मोठ्यांचा आशीर्वाद आम्ही असाच घेतो," ती म्हणाली. "हिचा जन्म इथलाच. गावी दोनदाच गेलीय. पण हे मी शिकवलंय." बोलताना तिची मान जराशी ताठ झाली.

नोकरी, डबे, शाळा सांभाळत ही बाई रोज थोडं थोडं आपलं गाव या मुलीत रुजवत आली असणार. त्याचं कौतुक करायला इथे तिचं कोण होतं?

मी सासूबाईंना अर्थ सांगितला. त्यांनी मिकाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग लिझाच्याही. "हिला सांग," त्या मला म्हणाल्या, "लेक छान वाढवलीस."

मी सांगितलं. मिकाची चांगली घट्ट वेणी सोडून लिझा ती पुन्हा घालू लागली.