चौथा ठिपका

अंबरपेठच्या त्रिवेणीला चाळिशी लागली होती, आणि ही गोष्ट तिच्याखेरीज फक्त चष्मेवाल्याला ठाऊक होती. नवऱ्यालासुद्धा तिने पत्ता लागू दिला नव्हता, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे. चष्मा डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेला असायचा.

दोन हजार पाच साल. हैदराबादेत जिकडेतिकडे कंपन्या उघडत होत्या, आणि त्यांना लागणारे सपाट मॉनिटर मलकपेठच्या एका गोदामात तपासले जायचे. पडदा आधी पांढरा करायचा, मग काळा, लाल, हिरवा, निळा. आणि लाखो ठिपक्यांत एखादा पिक्सेल बाकीच्यांसारखा वागत नसेल तर त्याला हुडकायचं. काळाच राहिला तर तो मेलेला, त्याला इलाज नाही. एकाच रंगावर हटून बसला तर अडकलेला. मऊ फडक्याआडून हलकेच दाबलं की तो कधीकधी ताळ्यावर यायचा. या कामात त्रिवेणीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिच्या शेजारी जयवंता बसायची. गेल्या दिवाळीनंतर ती चष्मा लावून आली आणि आठवड्याभरात तिची पॅकिंगला रवानगी झाली. मॅनेजर कौस्तुभ पुण्याचा, वय सव्वीस, नजर घारीची. चष्मा लावणाऱ्यांनी ठिपके शोधू नयेत असं त्याचं ठाम मत होतं. तेव्हापासून जयवंता दिवसभर खोक्यांत थर्माकोल कोंबायची आणि रात्री कंबर शेकायची. ते पाहून त्रिवेणीचा चष्मा भाकरीत गेला.

पण ठिपके काही भाकरीच्या वासाने सापडत नाहीत. मग तिने युक्ती काढली. गजऱ्यातलं एक फूल वाटीतल्या पाण्यात बुडवून ती पडद्यावर टेकवायची. लांबून पाहिलं की संशयाची जागा अंधुक कळायची; तिथे थेंब पडला की धूळ असली तर निघून यायची, आणि ठिपका असला तर थेंबाखाली चांगला मोठा दिसायचा. लोक म्हणायचे, बाई किती श्रद्धाळू आहे. महिन्याभरात अर्धं गोदाम मॉनिटरवर फुलाने पाणी शिंपडू लागलं. एका मॉनिटरमध्ये पाणी शिरलं, आणि कौस्तुभने फूल, वाटी, पाणी सगळंच बंद केलं.

पाणी बंद झालं त्याच दिवसापासून त्रिवेणीचं काम मागे पडलं, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. शुक्रवारी दुपारी सगळ्यांदेखत त्याने तिच्यापुढे एक मॉनिटर ठेवला.

"त्रिवेणीताई, यात किती ठिपके खराब आहेत आणि कुठे, तेवढं सांगा. मी मोजून ठेवलेत."

पॅकिंगचं टेबल समोरच होतं. पडदा त्रिवेणीला नुकताच चुना दिलेल्या भिंतीसारखा पांढराफेक दिसत होता. तिने मान मागे घेतली, डोळे बारीक केले, पदर सारखा केला आणि तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

"तुमची मोजणी चुकली सर."

"चुकली म्हणजे?"

"एक कमी मोजलात. हौ, खरंच. परेशान नका होऊ, परत बघा की."

मोजणी चुकली म्हटल्यावर कौस्तुभला चैन कसलं पडतंय! तो वाकला आणि बोट ठेवत मोजू लागला. "हा एक. वर हा दोन. या कोपऱ्यात तीन. संपले. चौथा कुठाय?"

त्रिवेणीने तिन्ही जागा मनात पक्क्या केल्या. "हे तीन तर मलाबी दिसायलेत," ती म्हणाली आणि तिन्हींवर नेमकं बोट ठेवलं. "चौथा तुम्हीच हुडका. मी दाखवला तर तुम्हाला वाईट वाटंल."

पाच मिनिटं तो नाक पडद्याला लावून शोधत होता. त्रिवेणी मनातल्या मनात थर्माकोल कोंबायला लागली होती. तेवढ्यात त्याचा चेहरा पडला. उजव्या कडेला, चौकटीला अगदी खेटून, एक निळा ठिपका होता. सगळ्यांत जास्त आश्चर्य त्रिवेणीला वाटलं, पण तिने ते गिळलं.

कौस्तुभने सर्वांसमोर माफी मागितली आणि वर बक्षीस दिलं. मोबाईलचे पडदे तपासायचं नवं काम येणार होतं. "हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही, ताई. सोमवारपासून सुरू करा."

रविवारी त्रिवेणीला जेवण गेलं नाही. नवऱ्याचा मोबाईल लांब धरला तर ठिपके दिसत नव्हते, जवळ धरला तर मोबाईलच दिसत नव्हता. स्वतःच्या हुशारीला तिने मनसोक्त शिव्या घातल्या. सोमवारी दिवसभर मोबाईल हातात धरून तिने डोळे चोळून चोळून लाल केले, आणि मंगळवारी सरळ चष्मा लावून टेबलाशी बसली.

दुपारी फेरी मारताना कौस्तुभ जागच्या जागी थबकला. "ताई, हे काय?"

"एका दिवसात डोळे गेले सर, तुमच्या मोबाईलनं."

तो बिचारा ओशाळला. त्या घारीच्या नजरेला चष्म्याच्या काडीला चिकटलेलं ज्वारीचं पीठ दिसलं नाही. "मग हे काम दुसऱ्या कुणाला तरी..."

"कशाला? सकाळपासून सतरा खराब पडदे काढले मी. चांगल्या डोळ्यांच्यांना कायकू बसवता इथं? जयवंताला बोलवा. तिचे आधीच गेलेत, अजून काय जाणार?"

कौस्तुभला ते पटलं. जयवंता अंगावरचे थर्माकोलचे दाणे झटकत आली, आपल्या जुन्या खुर्चीवर बसली आणि चष्मा पुसता पुसता शेजारी वाकली.

"काडीला पीठ लागलंय," ती हळूच म्हणाली. "पूस आधी."