खिडकीची उंची

माझा नवरा सुहास गेला तेव्हा आमच्या घराचा पायाच झाला होता. काम थांबवा असं मी कुणाला म्हणाले नाही, चालू ठेवा असंही नाही. भिंती कंबरेपर्यंत आल्यावर घराचं डिझाइन करणारी माझी मैत्रीण नीलिमा मला टेकाडावर बांधकाम बघायला घेऊन गेली.

जांभ्याच्या चिऱ्यांना टेकून एक सागवानी खिडकी उभी होती. पाडलेल्या शाळेतली ती खिडकी सुहासनेच शोधून आणली होती. मी तिच्या गुळगुळीत गजांवरून हात फिरवला. काहीच वाटलं नाही.

नीलिमा सांगत होती की खाणीतून काढलेला जांभा मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. माणसाचंही तसंच होत असेल. पण चिऱ्याला येताजाता कुणी विचारत नाही, आता कसं वाटतंय म्हणून.

"ताई, साहेबांनी इथं खुर्चीत बसून, समुद्र दिसेल अशी खिडकीची उंची ठरवली होती," गवंडी वसंतदादा म्हणाले. "तेवढीच ठेवू?"

"ठेवा."

"तो उंच होता गं," नीलिमा हळूच म्हणाली. "आता इथं तू बसणार."

मी खुर्चीत बसले. वसंतदादांनी खिडकीच्या जागी रोवलेल्या बांबूवरची सुहासची पेन्सिलची खूण अंगठ्यानं पुसली, चार बोटं खाली नवी केली आणि तिथं दोरी ताणून धरली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

"दिसतो का समुद्र?" त्यांनी विचारलं.

"नीट नाही दिसत," मी म्हणाले. "अजून थोडी खाली घ्या."