दक्षतासाठी निवडलेल्या रिंगा

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला प्रणित नाखवा आठवडाभर बाइकच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटर सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी जादूगार व्हायचा. कबुतरं, ससे असलं काही नाही; त्याचं सगळं रिंगा आणि दोरीवर. स्टीलच्या बंद रिंगा एकमेकींत अडकवायच्या, सोडवायच्या. दोरी कापायची आणि अखंड करून दाखवायची. हे कसं होतं ते इथे सांगायचं नाही, पण सामान चुकलं तर होत नाही, एवढं सांगायला हरकत नाही. नवखी माणसं चकाकी बघून घेतात. प्रणित दुकानात रिंग बोटावर टांगून टिचकी मारायचा आणि आवाज ऐकायचा. दोरी मुठीत चुरगळून सोडायचा. ती लुळी पडली तरच घ्यायचा.

त्याची बायको दक्षता माहेरची कल्याणजवळच्या मोहन्याची. लग्नानंतर ती त्याच्या शोमध्ये बाजूला उभी राहू लागली. हसायची, कात्री द्यायची, संपलं की पेटी भरायची. डोंबिवलीतल्या एका वाढदिवसाला ऐन वेळी प्रणितचं मनगट मुरगळलं आणि सगळं बदललं.

"रिंगा मी करू?" तिनं हळूच विचारलं. "येतात मला."

"तुला? कधीपासून?"

"तू कामावर गेलास की करते घरी."

दुसरा इलाजच नव्हता. तिनं रिंगा उचलल्या, आणि प्रणित गंभीर चेहऱ्यानं जे करायचा ते तिनं गप्पा मारत केलं. "ह्या दोघी जावा आहेत. सकाळी भांडतात, संध्याकाळी गळ्यात गळे." दोन रिंगा खळ्ळकन अडकल्या. पोरं उड्या मारायला लागली, आणि त्यांच्या आया तर पोरांहून जास्त हसल्या. निघताना यजमानबाई म्हणाली, "सर, तुम्ही छानच करता. पण ताई! ताई काय हो!"

त्या 'पण'नं प्रणितच्या छातीत कुसळ रुतल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात एक फोन आला. "ताई एकट्या येतील का?" तो म्हणाला, "नाही, ती एकटी करत नाही." दक्षताला त्यानं हे सांगितलंच नाही. ती स्वयंपाकघरात सराव करायला लागली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. शोमध्ये तिच्याकडे बघून कोणी हसलं की त्याचा पुढचा प्रयोग घाईत व्हायचा. आरशात तो स्वतःला विचारायचा, हिला शिकवलं कोणी? आणि मग आठवायचं की त्यानं शिकवलंच नव्हतं. ती बघून शिकली होती. ते तर आणखीच झोंबायचं.

मग तिच्या भावाचा, दिपेशचा फोन आला तो थेट तिच्याच मोबाइलवर. मोहन्यात हॉल घेतलाय, पोरीचा पहिला वाढदिवस आहे, ताई, जादू तूच करायची.

दक्षता हरखून गेली. "पूर्ण शो माझा! तुझ्या रिंगा नको, मला माझ्या घेऊ दे. तू निवडून दे ना. तुझ्याइतकं मला कळत नाही."

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भगवानकाकांचं जादूच्या सामानाचं दुकान आहे. दोघं तिथे गेली. काकांनी काचेवर रिंगांचे सेट मांडले. प्रणितनं एका नजरेत ओळखलं, कडेचा लहान सेट तिच्यासाठीच जणू घडवलेला. तिची बोटं आखूड, तळवा अरुंद. मोठी रिंग तिच्या हातात गेली की जे बोटांआड राहायला हवं ते राहणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो लहान सेटकडे बघत राहिला. त्याला डोंबिवलीच्या त्या बायका दिसल्या, हसणाऱ्या.

त्यानं सगळ्यात मोठा, जड सेट पुढे ओढला. "हा."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वहिनींसाठी?"

"हॉल मोठा आहे, काका. मागच्या रांगेला दिसायला नको?"

दोरीचंही तेच झालं. मऊ सुती दोरीची गुंडाळी बाजूला सारून त्यानं पांढरीशुभ्र, गुळगुळीत, ताठ दोरी घेतली. दक्षतानं ती गालाला लावली. "किती छान दिसते रे!"

तिनं रोज सराव केला. मनगटं सुजली. "माझ्यानं होत नाही बहुतेक," ती म्हणायची आणि तो म्हणायचा, "सवय होईल." त्या क्षणी त्याला बरं वाटायचं आणि लगेच स्वतःची किळस यायची. पण त्यानं रिंगा बदलून आणल्या नाहीत.

मोहन्याच्या हॉलमध्ये अख्खं माहेर जमलं होतं. पेटी धरून या वेळी प्रणित बाजूला उभा होता. दक्षतानं दोरी कापून गाठ मारली. ताठ दोरीत ती आपोआप उलगडली आणि कापलेली टोकं सगळ्यांसमोर लोंबली. "दिसलं, दिसलं!" पोरं ओरडली. तिनं हसून वेळ मारून नेली आणि रिंगा घेतल्या. दुसऱ्याच अडकवणीला रिंग निसटली, फरशीवर आपटली आणि घरंगळत पहिल्या रांगेत गेली. पुढे बसलेली तिची आजी रखमाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो पोरी, दमलीस."

दक्षतानं प्रणितकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं विचारणं होतं, आता काय करू?

तो पुढे झाला. पेटीतून स्वतःच्या रिंगा काढल्या आणि शो हातात घेतला. इतकं चांगलं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. टाळ्या, शिट्ट्या. दिपेशनं मिठी मारली, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून लाज राहिली." दक्षता मागे खुर्च्यांपाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

परतताना आंबिवली स्टेशनच्या रिक्षात ती म्हणाली, "बरं झालं तू होतास." तिनं शिव्या दिल्या असत्या तर प्रणितला सोसलं असतं.

काही दिवसांनी ती रिंगा परत करायला एकटीच भगवानकाकांकडे गेली. काका भाबडेपणानं म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं. एवढ्याशा हाताला एवढी रिंग? पण प्रणितसारखा जाणकार निवडतोय म्हटल्यावर मी काय बोलणार!"

प्रणित संध्याकाळी घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"तुला माहीत होतं?"

तो चपला काढायचा थांबला. खोटं तयार होतं, हॉल मोठा होता, मागची रांग. पण ते तोंडातून बाहेर येईना.

"हो," तो म्हणाला.

"मी तुझ्या कुठं आड येत होते रे?"

"लोक तुझ्याकडे बघतात," एवढंच तो बोलला. ऐकताना त्याचं त्यालाच ते फार लहान वाटलं.

ती रडली नाही. म्हणाली, "ह्यापुढं तुझ्या बाजूला मी उभी राहणार नाही. माझं सामान मी आणीन." आणि तिनं तसंच केलं. लहान रिंगा आणल्या. दोरी आणली ती भडक केशरी, जी प्रणितनं जन्मात घेतली नसती. तिला आता तिची स्वतःची आमंत्रणं येतात. कल्याणपासून ठाण्यापर्यंत बायकांच्या हळदीकुंकवालाही बोलावतात. प्रणित एकट्यानं शो करतो. पेटी आता स्वतःच भरतो.

यंदा डोंबिवलीतल्या एका गृहसंकुलानं दोघांनाही बोलावलं. शेवटच्या प्रयोगाचा मान तिचा. निघायच्या गडबडीत तिच्या केशरी दोरीवर चहा सांडला. प्रणितनं आपल्या पेटीतली सगळ्यात मऊ दोरी काढून पुढे केली. तिनं ती मुठीत चुरगळली, सोडून पाहिली, टोकं दाबून पाहिली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. मग पिशवीत टाकली.

तिचा शो त्यानं मागच्या खुर्चीवरून बघितला. मध्येच शेजारच्या गृहस्थांनी कोपरानं ढोसलं, "तुम्हीपण चांगलं केलंत हो, पण ह्या बाई बघा!" प्रणितला तेच जुनं कुसळ रुतलं, जराही कमी नाही.

"माझी बायको आहे," तो म्हणाला आणि स्टेजकडे बघत राहिला.